तीर्थजल आणि ओंजळीतली मासोळी



श्रीहरीच्या दहा अवतारांत पहिला मान मत्स्याचा आहे. देवळाच्या भिंतीवर दशावतार कोरलेले असले म्हणजे कूर्म, वराह, नृसिंह यांच्याआधी हा मासा दिसतो. आपण हात जोडतो आणि पुढे सरकतो. आज या पानांवर थोडा वेळ त्याच्यापाशी थांबावे, अशी नम्र विनंती आहे.

श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात ही कथा आली आहे. द्रविड देशाचा राजा सत्यव्रत कृतमाला नदीत उभा राहून तर्पण करीत होता. ओंजळीत पाणी घेतले तो त्यात एक इवलीशी मासोळी आली. राजाने सहज ओंजळ नदीत रिती केली. तेव्हा ती मासोळी काकुळतीने बोलली, की येथील मोठे जलचर मला गिळतील. तू दयाळू म्हणवतोस आणि मला त्यांच्या तोंडी कसा देतोस? राजाला दया आली. त्याने तिला कमंडलूत घेऊन आश्रमात आणले. एका रात्रीत ती एवढी वाढली, की कमंडलू पुरेना. रांजणात ठेवली, रांजण पुरेना. सरोवरात सोडली, सरोवर अपुरे पडले. शेवटी समुद्राकाठी नेल्यावर राजाने ओळखले, की हा साक्षात नारायण आहे. पुढे प्रलय झाला तेव्हा ऋषी, औषधी आणि सर्व बीजे घेतलेली नौका याच मत्स्याच्या शिंगाला बांधली गेली.

कीर्तनात बहुधा नौकेचा भाग रंगतो. परंतु अर्धी शिकवण नौका येण्यापूर्वीच देऊन झाली आहे. भगवंताने या भूतलावर येऊन प्रथम जे मागितले ते सिंहासन नव्हते, नैवेद्यही नव्हता. त्याने मागितले ते निर्भयपणे जगता येईल एवढे पाणी. आणि राजाने 'दिले' म्हटल्यावर ती गोष्ट तेथे संपली नाही. रक्षणाचे वचन दिले, की भांडे रोज मोठे करावे लागते. कमंडलूने प्रारंभ होतो. कमंडलूवर भागत नाही.

आता ही कथा आपल्या परिसरात आणून पाहू.

वसई-विरारच्या भूमीला तीर्थांचा वारसा आहे. सोपारे म्हणजे महाभारतातील शूर्पारक. पांडवांच्या तीर्थयात्रेत त्याचे नाव येते. निर्मळ येथील विमल सरोवराची कथा भगवान परशुराम आणि विमलासुर यांच्याशी जोडलेली आहे आणि कार्तिक वद्य एकादशीला तेथे भरणारी यात्रा सर्वांना परिचित आहे. डोंगरावर जीवदानी माता, पूर्वेस तुंगारेश्वर, त्यापलीकडे तानसेच्या काठी वज्रेश्वरी. वसईचा किल्ला १७३९ मध्ये सर झाल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देऊळ उभारले, हा इतिहास आपण जाणताच. या सर्व तीर्थांभोवतीची मोठी जलवाहिनी म्हणजे वैतरणा. त्र्यंबकेश्वराजवळच्या ज्या डोंगररांगेतून गोदामाई पूर्वेकडे निघते, तेथूनच ही पश्चिमेकडे उतरते. पिंजाळ, देहर्जे, सूर्या, तानसा या तिला येऊन मिळतात आणि अर्नाळा व दातिवरे यांच्या मध्ये ती समुद्रास भेटते. विरारच्या यात्रेकरूने नळाखाली हात धरला, तर बहुधा सूर्येचे पाणी त्याच्या ओंजळीत येते. म्हणजे ओंजळ आपली आहे आणि पाणी याच खोऱ्याचे आहे.

या नदीच्या नावाविषयी एक गोष्ट मनात येते ती सांगतो. गरुडपुराणात यमलोकाच्या वाटेवर वैतरणी नावाची घोर नदी वर्णिली आहे. तिच्यात जल नाही. पू आणि रक्त वाहते, दुर्गंधी सुटते, पापी जीव तिच्या काठी आक्रोश करतो. ती तरून जाता यावी म्हणून गोदान सांगितले आहे. आमच्या वैतरणेचे पाणी मात्र सह्याद्रीच्या पावसाचे, कातळावरून उतरलेले, गोड. मेल्यानंतर ज्या नदीचे भय वाटते तसले पाणी जिवंतपणी आपल्याच हाताने करावे आणि मग तिच्या पार जाण्यासाठी दान द्यावे, या व्यवहाराला धर्म म्हणता येईल काय? विचार करावा.

वैतरणेच्याच काठी, वाडा तालुक्यात तिळसे नावाचे गाव आहे. तेथे तिळसेश्वर महादेवाचे स्थान आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. देवळालगतच्या डोहात मोठमोठे मासे आहेत. त्यांना 'देवमासे' म्हणतात. ते कोणी पकडत नाही. भाविक त्यांना खाऊ घालतात आणि ते निर्धास्तपणे काठाशी येतात. त्यांची जात महाशीर. आपल्याकडे खडस असेही म्हणतात. स्वच्छ, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि तळाशी गोटे-वाळू असेल तेथेच हा मासा नांदतो. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड येथे काळ नदीच्या डोहात वरदायिनी देवीचे मासे असेच राखलेले आहेत. कर्नाटकात तुंगेच्या काठी शृंगेरीलाही तोच नेम आहे. कोणताही कायदा नसताना, कोणी पहारेकरी नेमलेला नसताना, केवळ 'हे देवाचे आहेत' एवढ्या एका भावनेने पिढ्यान्‌पिढ्या हे जीव वाचले. श्रद्धेने काय साधते याचे याहून प्रत्यक्ष प्रमाण शोधू जाता सापडणार नाही. महाशीराची पिल्ले तयार करून नद्यांत सोडण्याचे काम लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून झाले, तेही स्तुत्य आहे. पण पिल्ले सोडायला नदी हवी ना!

येथे कमंडलूची गोष्ट पुन्हा आठवावी. देवाचा डोह हा आपला कमंडलू आहे. डोहात जाळे टाकू नये ही आज्ञा सारे पाळतात; परंतु वरून येणारे पाणी ही आज्ञा जाणत नाही. दक्षिण कर्नाटकात शिशिल येथे शिशिलेश्वराच्या देवळाजवळ कपिला नदीत असेच देवाचे मासे होते. १९९६ साली कोणी दुष्टांनी नदीत विष कालवले आणि हजारो मासे मेले. लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ तेथे स्मारक उभारले. देऊळ तेच, भक्ती तीच, मासे न धरण्याचा नेमही तोच होता. पाणी राखले गेले नाही.

आपल्या खोऱ्यात विष कोणी एका रात्रीत कालवीत नाही, ते थोडे थोडे येते. मुंबईची तहान भागविण्यासाठी या खोऱ्यात तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले, पुढे मोडकसागर, १९७३ मध्ये अप्पर वैतरणा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. महानगराला पाणी हवेच, त्यास कोणी नाही म्हणत नाही. परंतु पाऊस सरल्यावर धरणाखालच्या पात्रात धार बारीक होते आणि त्याच धारेत गावांचे सांडपाणी, कारखान्यांचा निचरा मिसळतो. पाणी कमी आणि घाण तेवढीच, म्हणजे विष अधिक जहाल. खाली खाडीत सक्शन पंपांनी रेती उपसली जाते. त्या उपशाने वैतरणेवरील रेल्वेपुलाला धोका पोहोचल्याच्या बातम्या वेळोवेळी आल्या. पुलाची चिंता सर्वांनी केली. त्या वाळूतच अंडी घालणाऱ्या जीवांची चिंता फारशी कोणी केली नाही. आणि वसई-विरार शहर ज्या वेगाने वाढले, २००९ मध्ये त्याची महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर गेली, त्या वेगाने सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे उभी राहिली नाहीत. मैला नाल्यात, नाला खाडीत, खाडी समुद्रात.

जिल्ह्याच्या उत्तर भागात, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने खाड्या नासल्या, तेव्हा मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्या उद्योगांवर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसविली. न्याय मिळाला हे चांगलेच झाले. परंतु दंडाच्या रकमेने मेलेली खाडी त्याच दिवशी जिवंत होत नाही, हे त्या मच्छीमार बांधवांना कोणी सांगावे लागत नाही.

आता काही भाविक मनात म्हणतील, कारखाने आणि महापालिका यांच्या गोष्टी आम्हांला कशाला? आम्ही तर नारळ, फुले, दूध घेऊन येतो. म्हणून थोडे शास्त्र सांगतो. तेही सोपे आहे.

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. पाण्यात काहीही कुजू लागले, मग ते मलमूत्र असो वा देवाला वाहिलेला हार असो, कुजविणारे सूक्ष्म जीव तोच प्राणवायू वापरतात. माशाच्या वाट्याचा श्वास ते घेऊन जातात. दुधाचे उदाहरण घ्या. एक लिटर दूध पाण्यात पूर्ण कुजेपर्यंत सुमारे १०० ग्रॅम प्राणवायू खाते. चांगल्या वाहत्या नदीच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू असतो तो जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम. हिशेब करून पाहावा: भक्तिभावाने नदीत ओतलेले एक लिटर दूध तेरा हजार लिटर पाण्याचा श्वास संपवू शकते. वसईकरांना टँकर ठाऊक आहे. दहा हजार लिटरचा भरलेला टँकर डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे त्या एका पिशवीचे मोल कळेल. देवाने दूध मागितले नव्हते असे मी म्हणणार नाही; पिंडीवर पळीभर अभिषेक करून उरलेले तीर्थ म्हणून लेकरांच्या हातावर द्यावे, त्यात देवाचा काही तोटा नाही.

अनेक देवळांच्या तळ्यांवर पहाटे एक दृश्य दिसते. काकड आरतीच्या सुमारास मासे पृष्ठभागावर येतात, तोंड उघडतात, मिटतात. मंडळी म्हणतात, बघा, देवाचे मासेही दर्शनाला आले, नामस्मरण करताहेत. बहुधा ते गुदमरत असतात. शेवाळ आणि कुजकट माजलेल्या तळ्यात रात्रभर प्राणवायू खर्चत जातो आणि पहाटे तो सर्वांत कमी होतो. त्या वेळी वरच्या पातळ थरात हवेशी लागलेले जे पाणी असते तेवढ्यावर ते तग धरतात. आपण वरून आणखी चुरमुरे आणि पावाचे तुकडे टाकतो. सत्यव्रताला माशाची हाक ऐकू आली होती. आपण ती हाक जप समजतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वर्ग ठरविले आहेत. माशांच्या जीवनास योग्य पाण्यात लिटरमागे निदान चार मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे त्यात म्हटले आहे. आणि मनुष्याच्या स्नानास योग्य पाण्यात? निदान पाच. येथे क्षणभर थांबावे. स्नानाचा नियम माशाच्या नियमाहून कडक आहे. तेव्हा ज्या पाण्यात मासा जगत नाही, त्या पाण्यात बुडी मारून मनुष्य पवित्र कसा होईल? आपल्या पूर्वजांकडे मिलिग्रॅम नव्हते, पण दृष्टी होती. पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, ही आज्ञा तैत्तिरीय आरण्यकात स्पष्ट आहे. आज ती आज्ञा एकेका मनुष्याने पाळून पुरत नाही, कारण आपण नदीकाठी बसत नाही. आपल्या वतीने नळ आणि गटारे नदीत जातात. मोडणारा दिसत नाही, आज्ञा मात्र रोज मोडते. गेल्या काही वर्षांत आळंदीच्या इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस वारकऱ्यांनी पाहिला आहे; त्याविषयी अधिक लिहिण्याचे धैर्य होत नाही.

मासे खावेत की न खावेत, हा या प्रवचनाचा विषय नाही. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील कोळी, मांगेला बांधव आमच्याइतकेच देवाचे आहेत आणि त्यांच्या देव्हाऱ्यात जो भाव आहे तो कोणाहून उणा नाही. उलट राखण्याचा धर्म त्यांच्याकडून शिकावा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही रूढी म्हणजे पावसाळ्यात माशांच्या विणीला दिलेले अभयदानच होय. या देशात हा विचार फार जुना आहे. सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये आणि नवव्याचा भुईगावला १९५६ मध्ये सापडला, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच अशोकाचा पाचवा स्तंभलेख उत्तरेत आहे. त्यात काही मासे अवध्य ठरविले आहेत आणि चातुर्मास्याच्या पौर्णिमा व उपोसथाचे दिवस यांना मासे मारूही नयेत, विकूही नयेत असे सांगितले आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ही राजाज्ञा आहे.

खाडीतला जितडा सर्वांना माहीत आहे, पण त्याचे एक आश्चर्य थोड्यांना ठाऊक असते. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे जाळ्यात आलेला मोठा जितडा ही बहुधा आईच असते. तो खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात विणतो आणि त्याची पिल्ले तिवरांच्या मुळांत, खाजणात, पुढे गोड्या पाण्याकडे वाढतात. बोय आणि कोळंबीचे बालपणही याच तिवरांच्या आडोशाने जाते. एका जिवाला समुद्रही हवा, खाडीही हवी आणि नदीही हवी. यातला एक दुवा कुजला की पुढचे दोन्ही रिकामे. तिवरे तोडून भराव घातला, तर ती पिल्लांची पाळणाघरेच बुजवली असे समजावे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांच्या तोडीस मनाई केली. न्यायालयाला ही आज्ञा द्यावी लागली, याची आपल्याला थोडी लाज वाटली तर बरे.

यात्रेकरूंसाठी आता मोजक्याच गोष्टी. निर्माल्य पाण्यात सोडू नये, कलशात टाकावे. त्याचे खत होऊन ते झाडाच्या मुळाशी गेले तर ते देवाच्याच चरणी गेले. प्लास्टिकच्या पिशवीसकट तर ते कोठेही टाकू नये. वज्रेश्वरी, तिळसे येथे नदीवर जाणाऱ्यांनी साबण, शाम्पू, कपडे धुण्याची पावडर पात्रात नेऊ नये. तीर्थस्नान साबणाने होत नाही. देवमाशांना खाऊ घालायचा तर चिमूटभर घालावा, त्यांनी खाल्ल्यावर थांबावे. गणेशमूर्ती शाडूची, लहान, आणि विसर्जन कृत्रिम तलावात.

देणगीदारांशी थोडे अधिक मोकळेपणाने बोलावे लागेल. देवळाला संगमरवर, चांदीचा दरवाजा, कळसाला मुलामा यांसाठी देणग्या सहज मिळतात. दात्याचे नाव दगडावर कोरता येते, दर्शनाला येणाऱ्याला ते दिसते. भक्तनिवासाच्या शौचालयाची टाकी, भंडाऱ्याच्या खरकट्या पाण्याचा निचरा, निर्माल्याचा खड्डा यांवर नाव कोरायला कोणी पुढे येत नाही, आणि विश्वस्तही ते मागायला संकोचतात. तथापि यात्रेच्या दिवशी हजारो माणसे येतात, जेवतात, राहतात, आणि त्यांचे सर्व पाणी कोठेतरी जातेच. ज्या देवस्थानात आपण देणगी देता, तेथील विश्वस्तांना पावती घेण्यापूर्वी एकच प्रश्न नम्रपणे विचारावा: येथील सांडपाणी कोणत्या नाल्यातून कोणत्या नदीला जाते? उत्तर मिळाले तर त्या कामासाठी देणगी द्यावी. उत्तर मिळाले नाही तर ते शोधण्यासाठी द्यावी. विहिरी, बारवा, पाणपोया बांधणारे दाते या भूमीत होऊन गेले, त्यांनी दिले ते पिण्याचे पाणी. आपल्या पिढीच्या वाट्याला वापरून झालेले पाणी स्वच्छ करून परत देण्याचे दान आले आहे. त्याला 'जलदान' हेच जुने नाव शोभते, नवे नको.

शेवटी एक सूचना, जी मृगाच्या पहिल्या पावसात येणाऱ्या भाविकांसाठी आहे. तेव्हा तुंगारेश्वराचे ओढे खळाळून उतरतात आणि खालच्या पाण्यातले मासे प्रवाहाच्या उलट, ओढ्यांतून, शेतांच्या बांधांवरून वर चढू लागतात. कोकणात याला वळगण म्हणतात. त्यांच्या पोटात अंडी असतात. हे मासे हाताने, टोपलीने, पंचाने सहज सापडतात, म्हणून तरुण मंडळी कौतुकाने पकडतात. त्या आठ-दहा दिवसांत कोणी चढणीचा मासा ओंजळीत धरलेला दिसला, तर त्याच्यावर रागावू नये. सत्यव्रताची गोष्ट सांगावी, आणि त्याच्याकडूनच तो मासा प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडवून घ्यावा.